दवाखान्याबाहेर वाचलेले दात

बलुचिस्तानात बोलन खिंडीजवळ मेहरगढ नावाचे एक प्राचीन वस्तीस्थान आहे. तिथल्या दफनभूमीत नऊ प्रौढ माणसांच्या अकरा दाढांवर बारीक, गोल भोके आढळली. ही माणसे आजपासून सुमारे ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीची. भोकांची खोली अर्ध्या मिलिमीटरपासून साडेतीन मिलिमीटरपर्यंत आहे आणि आतल्या भिंतींवर फिरत्या हत्याराने उमटलेली गोल वळी सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. मेहरगढचे कारागीर मण्यांना भोके पाडण्यात वाकबगार होते. गारगोटीच्या टोकाचे जे गिरमिट ते मण्यांसाठी वापरत, तसेच हत्यार इथे दाढांवर चालवलेले दिसते, आणि तेही माणूस जिवंत असताना. कारण भोकांच्या कडा पुढच्या काळातल्या चावण्याने घासून गुळगुळीत झाल्या आहेत. २००६ मध्ये 'नेचर' नियतकालिकात हे संशोधन आले तेव्हा तोवर माहीत असलेली जगातली सर्वांत जुनी दंतचिकित्सा म्हणून त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. त्याच संशोधनातली दुसरी नोंद मात्र फारशी कोणी उचलली नाही. हा प्रघात तिथे सुमारे दीड हजार वर्षे टिकला आणि मग बंद पडला. लोकांचे दात पुढेही किडतच राहिले.

दंतवैद्यकाचा इतिहास आपल्याला बहुतेक वेळा हत्यारांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. गिरमिटापासून पायाने चालवायचे यंत्र, त्यापासून विजेवरचे, मग मिनिटाला तीन लाख फेरे घेणारे. चिमट्यापासून कवळी, कवळीपासून टायटॅनियमचे रोपण. ही प्रगती खरी आहे आणि तिने माणसाच्या असंख्य यातना कमी केल्या. पण लोकसंख्येच्या पातळीवर दात किडण्याचे प्रमाण जिथे जिथे घटले, तिथे त्या घटीचे मुख्य कारण दंतवैद्याच्या खुर्चीबाहेर सापडते. ते साखरेच्या पुरवठ्यात, टूथपेस्टच्या नळीत आणि शाळेच्या वर्गात आहे. दुरुस्तीचे कसब वाढत गेले म्हणून आजार आपोआप हटला, असे इतिहासात कुठेच दिसत नाही. हे मान्य केले तर दंतसेवेच्या भविष्याचा प्रश्नही वेगळ्या पद्धतीने मांडावा लागतो.

आधी आजार काय आहे ते पाहू. हजारो वर्षे जगभर समजूत एकच होती: दातात किडा असतो आणि तो दात पोखरतो. बॅबिलोनियाच्या मातीच्या विटांवर हा किडा आहे. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या पासष्ट दिली आहे. त्यांत हिरड्यांचे, जिभेचे, टाळूचे, घशाचे रोग काळजीपूर्वक वेगळे केले आहेत आणि दातांच्या रोगांत कृमिदंतक आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत भुईरिंगणीच्या बियांची धुरी तोंडात घेऊन किडे पाडण्याचा उपाय अगदी अलीकडेपर्यंत चालत असे. धुरीने तात्पुरता बधिरपणा येई आणि भांड्यात पडलेले बियांचे अंश किडे म्हणून दाखवले जात. फ्रान्समध्ये पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये दंतशस्त्रक्रियेवरचा मोठा ग्रंथ लिहिला. सूक्ष्मदर्शकातून शोधूनही आपल्याला हा किडा दिसला नाही असे त्यांनी नोंदवले आणि साखरेकडे बोट दाखवले. सूक्ष्मदर्शकाने खरे गुन्हेगार त्याआधीच पाहिले होते. डेल्फ्टच्या लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात दातांवरच्या पांढऱ्या थरातले वळवळणारे सूक्ष्म जीव वर्णिले होते. पण त्या जिवांचा आणि किडण्याचा संबंध जुळायला आणखी दोनशे वर्षे गेली. बर्लिनमध्ये रॉबर्ट कोख यांच्या परंपरेत काम केलेले अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये तो जुळवला: जंतू पिष्ट आणि साखर आंबवतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दाताचे खनिज विरघळवते.

ही प्रक्रिया थोडी जवळून पाहण्यासारखी आहे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. दाताचे वरचे आवरण, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच नष्ट होतात, त्यामुळे हाडासारखे ते स्वतःला सांधू शकत नाही. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात दातांवरच्या थरातले आम्ल थेट मोजले. ग्लुकोजच्या द्रावणाने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच आम्लता झपाट्याने वाढते. पीएच साडेपाचच्या खाली गेला की इनॅमलमधले कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडू लागते. मग लाळ हळूहळू आम्ल निवळवते आणि अर्ध्या ते एक तासात स्थिती पूर्ववत होते. एवढेच नव्हे, तर लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट दातात परतही जाते. म्हणजे दात दिवसभर थोडा विरघळतो आणि थोडा भरून निघतो. विरघळणे सतत जास्त झाले की आधी खडूसारखा पांढरा डाग दिसतो. या टप्प्यावर सगळे उलटवता येते. डाग खचून खड्डा पडला की मात्र ते शक्य राहत नाही. ज्याला आपण किडलेला दात म्हणतो आणि ज्यासाठी दवाखान्याची पायरी चढतो, तो महिनोन्महिने चाललेल्या या असमतोलाचा शेवटचा टप्पा असतो. तो खड्डा सिमेंटने भरला तरी तोंडातला असमतोल जसाच्या तसा राहतो. छप्पर गळते तसेच ठेवून खाली भांडी लावत बसावे, तशी ही दुरुस्ती आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. सगळा दोष साखरेचा म्हणावा, तर साखर माहीतही नसलेल्या माणसांचे दात का किडले? मेहरगढच्या अकरापैकी चार दाढांवर किडीच्या खुणा आहेत. मोरोक्कोतील ताफोराल्तच्या गुहेत तर शेती सुरू होण्याच्याही आधीचे, १३,७०० ते १५,००० वर्षांपूर्वीचे सांगाडे मिळाले. त्यांतल्या प्रौढांचे निम्म्याहून अधिक दात किडलेले होते. ही शिकारी आणि कंदमुळे गोळा करणारी माणसे होती. उत्तर त्यांच्या चुलीशेजारीच सापडले. ओकची फळे ते मोठ्या प्रमाणावर साठवून खात, आणि शिजवलेले चिकट पिष्ट दातांच्या फटींत अडकून बसे. म्हणजे आजार आंबणाऱ्या कर्बोदकांचा आहे. साखर हे त्यांतले सर्वांत कार्यक्षम रूप. हा तपशील मूळ म्हणणे खोडून काढत नाही, उलट अधिक नेमके करतो. इंग्लंडमधल्या जुन्या दफनभूमींतल्या कवट्या पाहिल्या तर मध्ययुगापर्यंत किडीचे प्रमाण फारसे हलत नाही. एकोणिसाव्या शतकात ते एकदम उसळते. वेस्ट इंडिजमधल्या मळ्यांतली साखर तेव्हा इंग्लंडच्या कामगारवर्गाच्या चहात आणि मुरंब्यात पोहोचली होती. १८४५ मध्ये साखरेवरची जकात घटवली गेली आणि १८७४ मध्ये ती रद्दच झाली. दाढांमधल्या फटीतली कीड, जी आधी विरळ होती, ती याच काळात नेहमीची झाली.

उलट दिशेचा पुरावा युद्धाने दिला. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे आणि जपानमध्ये साखर जवळजवळ दिसेनाशी झाली. त्या वर्षांत या देशांतल्या दंतवैद्यांच्या हाती ना नवी हत्यारे आली ना जादा माणसे. उलट सगळ्याच सेवा विस्कळीत झाल्या होत्या. तरीही मुलांमधली कीड स्पष्टपणे घटली, आणि साखर परतली तशी तीही परतली.

सर्वांत निर्णायक पुरावा स्वीडनमधून आला, आणि तो ज्या प्रकारे मिळाला त्याबद्दल शरम वाटली पाहिजे. लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म रुग्णालयात बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे कायमची ठेवली जात. १९४५ पासून तिथे आहार आणि दातांवर प्रयोग सुरू झाले. १९४७ ते १९४९ या काळात वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या प्रकारे साखर दिली गेली: काहींना जेवणाबरोबर, काहींना गोड पावात, काहींना जेवणांच्या मधल्या वेळेत. एका गटाला दिवसाला चोवीस टॉफ्या दिल्या गेल्या. या टॉफ्या दाताला मुद्दाम चिकटून राहतील अशा बनवल्या होत्या. प्रयोगाला मिठाई उद्योगाचेही पैसे होते. ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांची संमती कोणी विचारली नाही आणि त्यांचे दात कायमचे गेले. निष्कर्ष मात्र आजपर्यंत टिकला आहे: किती साखर खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि कोणत्या रूपात खाल्ली याला जास्त महत्त्व आहे. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने कीड थोडीच वाढली. मधल्या वेळेतल्या चिकट गोळ्यांनी ती प्रचंड वाढली. गोळ्या थांबवल्यावर वेग खाली आला. स्टीफन यांनी मोजलेले आम्लाचे चढउतार आठवले तर हे समजायला जड नाही. लाळेला सावरायला तासभर लागतो, आणि दर तासाला काहीतरी गोड तोंडात गेले तर ती कधीच सावरत नाही. जेवणानंतरच्या शिऱ्याबद्दल आपण जितकी चिंता करतो तितकी दिवसभर चघळायच्या चॉकलेटबद्दल, गोड चहाच्या पाचव्या कपाबद्दल आणि तान्ह्याच्या तोंडात रात्रभर राहिलेल्या दुधाच्या बाटलीबद्दल करत नाही. ती करायला हवी.

दुरुस्तीच्या इतिहासाला यात कमी लेखण्याचा हेतू नाही. दाताची कळ ज्याने रात्रभर सोसली आहे त्याला प्रतिबंधाची व्याख्याने नको असतात, सुटका हवी असते. ती सुटका देण्याच्या खटपटीतूनच भूल जन्मली. हार्टफर्डचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी डिसेंबर १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचा दात काढून घेतला, आणि त्यांचे एकेकाळचे भागीदार विल्यम मॉर्टन यांनी १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले. आजची प्रत्येक शस्त्रक्रिया या दोन दंतवैद्यांच्या ऋणात आहे. तरी दुरुस्तीच्या तर्काला स्वतःची एक ओढ असते. अमेरिकेचे जी. व्ही. ब्लॅक हे आधुनिक दंतवैद्यकाचे एक मोठे शिल्पकार. त्यांनी शिकवले की किडीचा भाग कोरताना आजूबाजूचा निरोगी भागही कोरावा, म्हणजे पुढे तिथे कीड लागणार नाही. त्या काळच्या सिमेंटांचा विचार करता ते अगदीच चूक नव्हते, पण जवळजवळ शतकभर या शिकवणीने निरोगी इनॅमल कापले गेले. भरलेला दात काही वर्षांनी पुन्हा भरायचा, मग रूट कॅनल, मग टोपी, मग काढणे असा क्रम अनेक देशांत जन्मभराचा झाला. ब्रिटनने १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू करून दात मोफत केले तेव्हा कवळ्यांची मागणी इतकी उसळली की तीन वर्षांत कवळ्यांवर शुल्क लावावे लागले, आणि त्या वादात अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. ही स्थिती दंतवैद्यांच्या देशातली होती, त्यांच्या अभावातली नव्हती. २००९ पर्यंत इंग्लंडमध्ये हा आकडा ६ टक्क्यांवर आला. या दोन पाहण्यांच्या मधल्या काळात खुर्ची, यंत्रे आणि साहित्य नक्कीच सुधारले; पण मुलांचे दात मुळातच कमी किडू लागले, हा फरक सर्वांत मोठा. त्याचे श्रेय मुख्यतः फ्लोराइडला जाते.

फ्लोराइडची कथा एका दोषापासून सुरू होते. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचे तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेले तेव्हा तिथल्या माणसांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. दात कुरूप होते, पण विलक्षण कणखर. त्यांत कीड कमी होती. कारण पाण्यात असावे असा मॅके यांचा कयास होता, आणि तो सिद्ध व्हायला तीस वर्षे लागली: १९३१ मध्ये अॅल्युमिनियम कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी त्या पाण्यात जादा फ्लोराइड शोधले. ट्रेंडली डीन यांनी मग गावोगावचे आकडे जुळवून दाखवले की लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड असेल तर डाग फारसे पडत नाहीत आणि कीड मात्र बरीच घटते. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या पाण्यात प्रथमच मुद्दाम फ्लोराइड मिसळले गेले, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांमधली कीड साठ टक्क्यांहून अधिक घटली.

या मुद्द्यावर मराठी वाचकाच्या मनात शंका येणे साहजिक आहे, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्याकडे फ्लोराइड म्हटले की यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली गावे डोळ्यांपुढे येतात: बोअरवेलचे पाणी पिऊन दात पिवळे-तपकिरी झालेली मुले, सांधे आखडलेली माणसे. भारतात अस्थींच्या फ्लोरोसिसची पहिली शास्त्रीय नोंद १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून झाली, आणि आज देशाच्या अनेक राज्यांत भूजलातले फ्लोराइड काढून टाकणे हेच सार्वजनिक आरोग्याचे काम आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०२४ मध्ये दीड मिलिग्रॅमच्या वरच्या पातळीचा संबंध मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी जोडला. तेव्हापासून तिथेही पाण्यातल्या फ्लोराइडचा वाद पुन्हा पेटला आहे. तेव्हा भारतासारख्या देशात पाण्यात फ्लोराइड मिसळण्याचा आग्रह धरणे चुकीचे ठरेल. पण यातून फ्लोराइडची टूथपेस्टही टाळावी असा जो निष्कर्ष काढला जातो तो टिकत नाही. गेल्या काही दशकांतल्या संशोधनाने दाखवले आहे की फ्लोराइडचा मुख्य परिणाम पोटात जाऊन होत नाही, तो दाताच्या पृष्ठभागावर होतो. लाळेतले खनिज दातात परतत असताना तिथे फ्लोराइड असेल तर बसणारा नवा थर आम्लाला अधिक दाद न देणारा बनतो. पश्चिम युरोपातल्या बहुतेक देशांनी पाण्यात कधीच फ्लोराइड मिसळले नाही, तरी १९७० नंतर तिथल्या मुलांची कीड झपाट्याने घटली, कारण पेस्ट घराघरांत पोहोचली. पेस्ट थुंकायची असते, पाणी गिळायचे. विदर्भातल्या बोअरवेलमधला धोका आणि ब्रशवरची पेस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान मुलांना ती तांदळाच्या दाण्याएवढी, मोठी झाली की वाटाण्याएवढी द्यावी, एवढे पुरते. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराइडच नसते, हे वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय कळत नाही.

राखुंडीपासून पेस्टपर्यंतच्या प्रवासात महाराष्ट्राने एक फार महागडे वळण घेतले, ते मशेरीचे. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू बोटाने दातांना आणि हिरड्यांना लावायची. दात घासण्याचे साधन म्हणून ती घरात आली आणि व्यसन म्हणून राहिली, विशेषतः ग्रामीण स्त्रियांमध्ये, कारण तिला तंबाखू खाण्याची नाचक्की चिकटली नाही. केंद्र सरकारने १९९२ मध्ये तंबाखूयुक्त पेस्ट आणि मंजनांवर बंदी घातली, महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर. घरच्या तव्यावर मात्र कोणताच कायदा पोहोचत नाही. २०२० मध्ये जगभर ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे पावणेचार लाखांच्या आसपास नवे रुग्ण होते. त्यांतले एक तृतीयांशाहून अधिक भारतातले. हा कर्करोग बहुतेकदा पांढऱ्या किंवा लाल चट्ट्यापासून, किंवा तोंड उघडेनासे होण्यापासून सुरू होतो. यंत्राशिवाय, उजेडात तोंड उघडून पाहिले तर दिसणारा दुसरा कर्करोग क्वचितच असेल. तरी तो उशिरा सापडतो, कारण ताप-खोकल्यासाठी गेलेल्या माणसाचे तोंड वैद्य सहसा टॉर्चने घशापुरतेच पाहतो, आणि दंतवैद्याकडे माणूस कळ असह्य झाल्याशिवाय जात नाही.

तोंड आणि शरीर यांच्या मधली ही फट माणसांनीच पाडली आहे. १८४० मध्ये बाल्टिमोर इथे जगातले पहिले स्वतंत्र दंत महाविद्यालय निघाले आणि दंतवैद्यक वैद्यकापासून वेगळे वाढू लागले. त्यातून या शाखेला प्रतिष्ठा आणि स्वतःचे शास्त्र मिळाले, हे नाकारता येत नाही. किंमतही मोठी होती. अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याने १९६५ पासूनच नेहमीचे दंतउपचार बाहेर ठेवले. आपल्याकडच्या बहुतेक विमा पॉलिसींतही अपघात वगळता दात येत नाहीत. भारतात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात पहिले दंत महाविद्यालय काढले, १९४८ मध्ये दंतवैद्य कायदा झाला आणि आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. म्हणजे आता तुटवडा दंतवैद्यांचा नाही. ते शहरांत आणि खासगी दवाखान्यांत एकवटले आहेत, कारण त्यांच्या शिक्षणाचा खर्च रूट कॅनल आणि टोप्यांतूनच निघतो. हा दोष व्यक्तींचा नाही, रचनेचा आहे. हिरड्यांचा जुनाट दाह मधुमेहाला बिघडवतो आणि मधुमेह हिरड्यांना. हिरड्यांवर नीट उपचार केले तर रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरीही थोडी खाली येते. दहा कोटींच्या आसपास मधुमेही असलेल्या देशात ही माहिती मधुमेहाच्या प्रत्येक तपासणीत वापरात यायला हवी होती.

दवाखान्याबाहेर सेवा नेणे म्हणजे गरिबांना दुय्यम उपचार देणे नाही का, हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. न्यूझीलंडने त्याचे उत्तर शोधायला १९२१ मध्येच सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात भरती झालेल्या तरुणांचे दात पाहून हादरलेल्या थॉमस हंटर यांनी दोन वर्षांचे प्रशिक्षण दिलेल्या परिचारिका शाळांत नेमल्या. त्या मुलांचे दात तपासत, भरत आणि गरज पडल्यास काढत. त्यांचे काम दर्जेदार ठरले आणि अनेक देशांनी त्याचे अनुकरण केले. तरी पहिल्या काही दशकांत न्यूझीलंडची मुले जगातल्या सर्वाधिक भरलेल्या दातांची मुले होती, कारण सेवा शाळेत गेली पण सोबत दुरुस्तीच घेऊन गेली. स्कॉटलंडने नंतर वेगळा मार्ग धरला. तिथल्या बालवाड्यांत रोज सर्व मुले फ्लोराइड पेस्टने एकत्र दात घासतात; 'चाइल्डस्माइल' या कार्यक्रमाचा हा गाभा आहे. पहिलीतल्या ज्या मुलांच्या दातांना उघड कीड नव्हती त्यांचे प्रमाण २००३ मध्ये ४५ टक्के होते, ते २०२० मध्ये ७४ टक्के झाले. कार्यक्रम सुरू झाल्यावर काही वर्षांतच वाचलेल्या उपचारांची किंमत ब्रश-पेस्टच्या खर्चाच्या दुपटीपलीकडे गेली. हे दुय्यम उपचार म्हणता येत नाहीत. श्रीमंत घरातल्या मुलालाही यापेक्षा चांगले काही मिळत नाही.

साखरेबाबतही सरकारे काही करू शकतात याचा पुरावा आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला. कंपन्यांनी कर वाचवण्यासाठी साखरच कमी केली, आणि इंग्लंडमध्ये दात काढण्यासाठी रुग्णालयात भरती होणाऱ्या मुलांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे बोलणे अवघड आहे. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून इथला ग्रामीण अर्थव्यवहार उसावर उभा राहिला, आणि साखरेविरुद्धचा प्रत्येक शब्द शेतकऱ्याविरुद्धचा वाटतो. पण देशातली बरीच साखर घरांपेक्षा शीतपेये, बिस्किटे आणि मिठाई बनवणाऱ्यांकडे जाते, आणि कारखान्यांना आता इथेनॉलचा मोठा पर्याय आहे. ऊस उत्पादकाचे हित तीन वर्षांच्या मुलाच्या बाटलीतल्या साखरेवर अवलंबून ठेवण्याची गरज उरलेली नाही.

मग नवे दात उगवण्याचे काय? क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात २०२४ मध्ये एका प्रतिपिंडाची मानवी चाचणी सुरू झाली. दातांची वाढ रोखणारे यूएसएजी-१ नावाचे प्रथिन ते अडवते; उंदीर आणि फेरेट या प्राण्यांत त्याने खरोखर नवे दात उगवले. ज्या मुलांचे अनेक दात जन्मतःच नसतात त्यांच्यासाठी हे औषध वरदान ठरू शकते आणि त्यासाठीच ते प्रथम विचारात आहे. परंतु ज्या तोंडात पहिला दात टिकला नाही त्यात नवा दातही त्याच आम्लात उगवेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी माणसांना तोंडाचे आजार आहेत. २०० कोटींचे कायमचे दात किडलेले आहेत आणि ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे. हा आकडा कोणत्याही महागड्या उपचाराने हलणार नाही.

तो हलवू शकेल असे एक साधन आधीच हाती आहे, आणि ते जपानमध्ये १९७० च्या सुमारासच वापरात आले होते. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हा पाण्यासारखा द्राव. त्याचा एक थेंब बारीक ब्रशने किडलेल्या दातावर मिनिटभर लावला की चांदी जंतूंना मारते, फ्लोराइड उरलेला दात घट्ट करते आणि कीड बहुतेक वेळा तिथेच थांबते. सुई नाही, यंत्र नाही, वीज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. त्याचा एकच मोठा दोष: किडलेला भाग कायमचा काळा होतो. आईबाप यावर नाराज होतात आणि ती नाराजी खरी आहे. त्यांना आधी सांगून, विचारूनच तो लावायला हवा. पण 'दुधाचे दात, पडणारच' म्हणून सोडून दिलेल्या दाढेचे गळू, रात्रीची रड आणि घटलेले वजन हे दुसऱ्या पारड्यात ठेवले तर बहुतेक जण काळा डाग निवडतील.

आपल्याकडे त्यासाठीची माणसेही आधीच वाटेवर आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत वर्षातून एकदा जातात. पथकात आयुषचे दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो, आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दात किडणेही आहे. आज हे पथक किडलेली दाढ पाहते, कार्डावर नोंद करते आणि मुलाला तालुक्याला पाठवण्याची चिठ्ठी लिहिते. मजुरी बुडवून तिथे जाणे ज्यांना परवडत नाही त्यांच्या हातात ती चिठ्ठीच राहते. तोच थेंब त्या पथकाच्या पेटीत ठेवायचा, दंतवैद्याने प्रशिक्षण आणि देखरेख करायची, आणि कायद्याच्या चौकटीत एवढ्या कामाची मुभा द्यायची, हे करायला नवे महाविद्यालय लागत नाही. अंगणवाडीत जेवणानंतर हात धुण्याची वेळ ठरलेली असते. ब्रश आणि तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट त्याच रांगेत बसू शकते.